पाचर

सकाळचे साडेसात. फायर स्टेशनच्या मागच्या अंगणात भंगारवाल्याकडून आणलेल्या दोन गाड्या. एक पांढरी मारुती आठशे, चारी चाकांवर उभी, पण तोंड भिंतीत घातलेलं. दुसरी ओम्नी. तिला कुशीवर पाडायचं होतं. आठ जण लागले, एकाने हाळी दिली आणि धाडकन पाडली. मी तेव्हा चहा पीत होतो, कॅमेरा पिशवीत. नंतर हळहळलो. तासाभराने हेच आठ जण त्याच ओम्नीला असे हात लावत होते, जशी काही आत बाळंतीण झोपली आहे.

*

मी लग्नांचे फोटो काढतो. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा. सुरतेतल्या या पट्ट्यात खानदेश इतका दाट वसलाय, की महिनोन्‌महिने माझं गिऱ्हाईक अमळनेर, शिरपूर, नंदुरबार सोडून बाहेरचं नसतं. फायर स्टेशनवर मी पोचलो तेही लग्नाच्याच वाटेने. तिथल्या एका फायरमनच्या बहिणीचं लग्न मी केलं होतं. (केलं म्हणजे फोटो काढले. आमच्या धंद्यात असंच बोलतात, नवीन माणूस दचकतो.) अल्बम आवडला, म्हणून साहेबांना सांगून त्याने मला बोलावलं: अपघातातल्या गाडीतून माणूस कसा काढतात त्याचं प्रशिक्षण आहे, नव्या मुलांना दाखवायला फोटो हवेत.

पैसे ठरले नाहीत. नाश्ता ठरला. लोचो.

*

बंब हा शब्द. आजी अंघोळीच्या पाण्याच्या तांब्याच्या बंबात गोवऱ्या घालायची. रस्त्यावरून घणघणत जायचा तोही बंबच. एकाच्या पोटात आग, दुसऱ्याच्या पोटात पाणी. मूळ पोर्तुगीज बोंबा, म्हणजे पंप. इथले गुजराती म्हातारे अजून 'लायबंबो' म्हणतात. लाय म्हणजे आग. या शहराला तो शब्द फार आधीपासून लागत आला असणार. १८३७ च्या एप्रिलमध्ये सुरत पेटली तेव्हा नऊ हजारांवर घरं जळाली होती.

गाडीतून माणूस काढायच्या कामाला मात्र ना गुजरातीत जुना शब्द ना मराठीत. सगळे 'रेस्क्यू' म्हणतात. मीही तेच लिहितो.

*

यापूर्वी एकदा फायरवाल्यांचे फोटो काढले होते, १४ एप्रिलला. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला, आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. म्हणून तो दिवस आणि पुढचा आठवडा देशभर पाळतात. परेड, शाळेची मुलं, दोरावरून उतरणारे जवान, आणि शेवटी डिस्क कटरने लोखंडी सळई कापून दाखवणं. ठिणग्यांचं कारंजं उडतं, मुलं टाळ्या वाजवतात. मीही शटर पंधराव्या भागावर आणून ठिणग्यांच्या लांब सोनेरी रेघा पकडल्या. तो फोटो सगळ्यांना आवडला. मलाही.

आज विचारलं, ठिणग्या कधी? शिकवणारे साहेब माझ्याकडे पाहतच राहिले. फुटक्या गाडीखाली पेट्रोल गळत असतं, तिथे ठिणगी कोण पाडेल? म्हणूनच तर हायड्रॉलिक कटर. तो ठिणगी न पाडता पत्रा चावतो. सातशे बारच्या आसपास दाब, आवाज पंपाचा, आणि कापताना एक कुरकुर, मग 'टक्'. फोटोत दिसायला काहीच नाही. अडकित्त्यात सुपारी.

म्हणजे इतकी वर्षं माझ्या दुकानात काचेखाली लावलेला 'रेस्क्यू'चा फोटो रेस्क्यूचा नाहीच.

*

पहिली दहा मिनिटं कोणी गाडीला हात लावत नाही. म्हणजे मला दहा मिनिटं वाटली. घड्याळात दीड भरली. दोघं जण गाडीभोवती फिरतात, एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि मागच्या बाजूला एकमेकांना ओलांडतात. देवळातली प्रदक्षिणा एकाच दिशेने; इथे उलटसुलट, कारण एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याने धरायचं. खाली काय गळतंय, वर विजेची तार आहे का, आत किती जण, आणि बाहेर कोणी फेकला गेलाय का. हे शेवटचं मला कधी सुचलं नसतं. झुडपात पडलेला माणूस ओरडत नाही, म्हणून राहून जातो.

फोटो: दोघं मागे एकमेकांना ओलांडताना, दोघांच्या माना खाली. ठीक आला.

*

मग लाकडं. मला वाटलं होतं गाडी उघडली की पेटीतून चकचकीत यंत्रं निघतील. निघाले ते सुताराच्या दुकानातल्यासारखे ठोकळे आणि पाचरी. पायऱ्यांसारखे रचलेले, तेलकट, कडा झिजलेल्या. चाकांना अडण्या, दरवाज्याच्या पट्टीखाली दोन्हीकडे ठोकळे, फटीत पाचर, हातोडीचा हलका ठोका. मग टायरचे व्हॉल्व्ह काढून हवा सोडली. फुस्स. गाडी दोन बोटं खाली आली आणि लाकडावर बसली, म्हैस बसते तशी. आता दार ओढा, छप्पर कापा, आतला माणूस हलणार नाही.

"पाचर मारली" असं आपण मोडता घालणाऱ्याला म्हणतो. आणि पंचतंत्रातली ती गोष्ट, अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातली पाचर उपटणारं माकड, दुसरीच्या पुस्तकापासून डोक्यात आहे. महापालिकेच्या मराठी शाळेत बाईंनी ती फळ्यावर चित्र काढून सांगितली होती. आम्ही हसलो होतो ते शेपटीला. त्या माकडाचा हेतू वाईट नव्हता, त्याला नुसती उचकपाचक करायची होती, हे आज कळलं.

*

धंद्यातली टिपणं, स्वतःसाठी.

फ्लॅश अजिबात नको. गणवेशावरच्या चमकपट्ट्या फ्लॅशचा उजेड तसाच परत फेकतात. पट्ट्या पांढऱ्याफटक, माणूस काळा ठिक्कर. नववधूच्या अंगावरच्या टिकल्या परवडल्या.

साडेदहानंतर सुरतेचं ऊन हेल्मेटच्या कडेखाली चेहऱ्याचा अर्धा भाग खाऊन टाकतं. गुडघ्यावर बसायचं. खालच्या सिमेंटवरून परतणारा उजेड हनुवटीखालून मिळतो. पांढरी गाडी कॅमेऱ्याला फसवते, एक टप्पा जास्त उघडा ठेवायचा.

फुटणारी काच हवी तर शटर हजारावर, नाहीतर नुसता धुरळा.

पाच मीटरच्या आत फक्त काम करणारे. त्यानंतरच्या पट्ट्यात अवजारांची ताडपत्री. मी त्याच्या बाहेर. ७०-२०० ची लेन्स म्हणूनच आणली. एकदा व्ह्यूफाइंडरला डोळा लावून पुढे पुढे सरकत गेलो आणि पाय नेमका हायड्रॉलिक नळीवर. "फोटावाळा भाई, आघा रहो!" लांब राहा. त्या नळीला बारीक भोक पडलं तर तेलाची धार कातड्यातून आत शिरते, हे नंतर शांतपणे सांगितलं. व्ह्यूफाइंडरमधून पाहणाऱ्या माणसाला पाय नसतात.

*

काचेचे दोन प्रकार. बाजूची काच कोपऱ्यात स्प्रिंगचा पंच दाबला की एका क्षणात खडीसाखर होते. समोरची होत नाही. तिच्या पोटात प्लास्टिकचा पापुद्रा असतो, ती तडकून जाळी होते आणि तशीच उभी राहते. तिला करवतीने कापावं लागतं, आणि त्यातून जो पिठासारखा काचभुगा उडतो तो छातीत जातो, म्हणून मास्क. आतल्या माणसावर आधीच चादर.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली ती आतलं दिसावं म्हणून. फायरवाल्यांचं दुखणं वेगळं. फिल्म लावलेली काच फुटते पण पडत नाही.

*

मारुतीच्या आतल्या खांबांवर साहेबांनी खडूने गोल काढले आणि लिहिलं, एसआरएस, म्हणजे एअरबॅग. छताच्या कडेला एक लांब दंडगोल काढला. या गाडीत एअरबॅग कुठून असणार! चालकाची एअरबॅगच १ जुलै २०१९ पासून सक्तीची. पण भंगारात मिळणार ती जुनी गाडी आणि हायवेवर चेपलेली सापडणार ती नवी. जुन्या मारुतीचा पत्रा कटर पापडासारखा मोडतो. नव्या गाडीच्या मधल्या खांबातलं पोलाद त्याच कटरला दाद देत नाही. आणि छताच्या कडेला जिथे कापायची सवय लागते, तिथेच पडदा-एअरबॅगची गॅसची नळकांडी असते. म्हणून कापायच्या आधी आतलं प्लास्टिक उचकटून बघायचं. खोट्या गाडीवर खरी भीती खडूने काढायची, हे शिक्षकाचं काम मला फार आवडलं. त्या खडूचा फोटो आजच्या दिवसातल्या माझ्या चांगल्यांपैकी.

सीएनजीबद्दलही बरंच. इथे बऱ्याच रिक्षा-टॅक्सी त्याच्यावर. डिकीत दोनशे बारची टाकी. डिकी कापायची नाही. सीएनजी हवेपेक्षा हलका, वर निघून जातो; एलपीजी जड, खाली गटारात साचून राहतो. विजेच्या गाडीत नारिंगी वायर दिसली की हात मागे. बॅटरीची ऋण बाजू आधी काढायची. पण थांबा, त्याच्याही आधी काचा खाली, सीट मागे, कारण बॅटरी काढल्यावर विजेची सीट हलणार नाही. हे ऐकताना नव्या मुलांच्या चेहऱ्यावर जे 'अरे हो' उमटलं, तेवढ्यासाठी बारा फ्रेम खर्च केल्या.

*

एक जण आगीची नळी धरून उभा. गाडीपासून चार पावलं. नळीत पाणी भरलेलं, बोट नोझलवर. पूर्ण दीड तास त्याने काहीच केलं नाही. कापाकापी झाली, छप्पर उचललं, जखमी बाहेर आला, सगळे तिकडे पाहत होते. हा पेट्रोलच्या टाकीकडे पाहत होता. घाम हनुवटीवरून ठिबकत होता, पुसायलाही हात हलवला नाही.

लग्नात असा एक मामा असतो. दागिन्यांच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलेला. एकाही फोटोत नसतो.

*

जखमी कोण? पुतळा होता, पण साहेबांनी तो बाजूला ठेवला आणि एका नव्या मुलाला आत बसवलं. त्याच्या मांडीवर डॅशबोर्ड दाबल्यासारखा एक फळा अडकवला, गळ्याला कॉलर, अंगावर चादर. मग सगळं रीतसर. एक जण मागच्या दाराने आत शिरला, सीटमागे बसला आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. ते हात शेवटपर्यंत सुटले नाहीत. कापणाऱ्यांच्या तीन जोड्या बदलल्या, हा एकच.

बाहेर आल्यावर मुलाला विचारलं, कसं वाटलं. त्याने सांगितलं ते जसंच्या तसं नाही लिहिता येणार, पण असं: चादरीखाली काही दिसत नाही. फक्त आवाज. प्रत्येक आवाज आपल्याच हाडातून येतोय असं वाटतं. मागचा माणूस आधी सांगायचा, आता काच फुटेल, आता दार जाईल, मोठा आवाज होईल, घाबरू नको. त्याने सांगितलेला आवाज कमी लागायचा. एकदा तो सांगायला विसरला, तेव्हा आपण प्रशिक्षणात आहोत हेच विसरायला झालं.

हे कॅमेऱ्यात कसं आणायचं? काच फुटायच्या आधी बोलणारं तोंड. चादरीचा ढिगारा, त्याच्यावर दोन हात, वर हेल्मेटखाली अर्धवट उघडे ओठ. फोटो साफ आहे, पण ज्याला गोष्ट माहीत नाही त्याला कोणीतरी झोपलेल्याचं डोकं दाबतंय असंच वाटेल. मथळा लिहावा लागेल. मथळ्याशिवाय न कळणारे फोटो मला पूर्वी आवडत नसत.

*

बोलायचं कुठल्या भाषेत?

या शहराची महापालिका सात भाषांत शाळा चालवते: गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजी. मागावर बसणारा गंजामचा, विणकर तेलंगणातला, टेम्पोवाला धुळ्याचा, मिस्त्री उत्तर प्रदेशचा. पहिला प्रश्न हिंदीतच: नाव काय. पण जखमी माणूस थोड्या वेळाने हिंदी सोडतो. दुखायला लागलं की आईचीच भाषा येते. तेव्हा तुकडीत ती कोणाला येते ते बघायचं, आणि त्याला आत पाठवायचं, मग तो कितीही नवा असो.

ज्याच्या बहिणीचं लग्न मी केलं, त्या फायरमनने सांगितलं. हायवेवर एकदा ट्रकच्या केबिनमध्ये एक जण नुसता कण्हत होता, कोणाला उत्तर देत नव्हता. कण्हण्यात एक शब्द ओळखीचा वाटला म्हणून याने आत वाकून विचारलं, "कथा दुखस, भाऊ?" कुठे दुखतं? माणसाने डोळे उघडले. "तू कोठला शे?" तुझं गाव कुठलं? तसल्या अवस्थेत त्याला गाव हवं होतं. मग पाऊण तास दोघं गावांची नावं घेत बसले. साक्री, पिंपळनेर, नवापूर, विसरवाडी. नागपूरकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावरची आणि आसपासची एकेक.

वाचला का, ते मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.

*

आमचे नाना टेम्पो चालवायचे. उधन्याच्या कारखान्यातून ग्रे कापडाचे ताके भरायचे आणि रिंग रोडच्या मार्केटला टाकायचे. मी सहावी-सातवीत असेन. उभ्या ट्रकला मागून धडक. चपट्या तोंडाचा टेम्पो. पुढे बॉनेटच नसतं, धडकेच्या आणि चालकाच्या गुडघ्याच्या मध्ये फक्त पत्रा. स्टेअरिंग मांडीवर, डावा पाय पेडलच्या खाचेत. लोक धावले. चांगले लोक होते, सगळे आमच्याच भागातले. कोणीतरी दोर आणला, स्टेअरिंगला बांधला, दुसऱ्या टेम्पोला जोडला आणि ओढला. स्टेअरिंग निघालं. पण आधी सगळा टेम्पोच हातभर मागे आला, आणि पाय खाचेतच होता.

नाना पुढे वीस वर्षं लंगडत चालले. ज्यांनी ओढलं त्यांच्यापैकी एकाने त्यांना पानाची टपरी टाकून दिली. नानांनी कधी त्यांना दोष दिला नाही, आम्हीही नाही.

आज हे साहेबांना सांगितलं. ते गुजरातीत एवढंच म्हणाले, चाकाला काही लावलं नसेल. मी म्हटलं, नसेल. दगडसुद्धा नसेल लावला. घाटात गाडी बंद पडली की क्लीनर पहिली उडी मारून चाकाखाली दगड टाकतो, हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. फक्त त्या वेळी ती गाडी आहे हे कोणाला दिसलं नाही. सगळ्यांना नाना दिसत होते.

*

फोटो फसवतो, याचं मोठं उदाहरण आपल्याच रस्त्यावरचं. ४ सप्टेंबर २०२२. उदवाड्याहून मुंबईकडे निघालेली उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत पुढचा भाग चेपलेला आणि मागचा बराचसा जागच्या जागी. पाहणारा म्हणेल, पुढचे गेले असतील, मागचे वाचले असतील. झालं उलटं. पुढचे दोघं वाचले, मागच्या सीटवरचे दोघं गेले, आणि मागच्यांनी पट्टा लावलेला नव्हता. पत्रा किती चेपलाय यावरून आतल्या माणसाचं काही ठरवू नका, हे साहेब आज निदान चारदा म्हणाले.

त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. फोटो लक्षात राहिला तो एकाच गाडीचा.

*

बसबद्दल अर्धा तासच झाला, आणि तोही तोंडी. बस भंगारात मिळाली तरी या अंगणात मावत नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ जी खासगी बस उलटून पेटली, तिच्यात २५ जण गेले. बस डाव्या कुशीवर पडली. बसचं दार डावीकडेच असतं. दार जमिनीला टेकलं, आणि जे वाचले ते काच फोडून. म्हणून आडव्या बसला दार शोधायचं नाही. समोरची किंवा मागची मोठी काच हेच दार.

सुरतेहून रोज रात्री शिरपूर, धुळे, जळगावकडे किती स्लीपर सुटतात! मी महिन्यातून एकदा असतोच. वरची बर्थ घेतो, कारण झोप लागते. आता चढल्यावर आधी काच फोडायची हातोडी शोधतो. कधी ती जागेवर असते, कधी नुसता हूक असतो.

*

स्टॅन्ली फोरमन. बॉस्टनचा वृत्तछायाचित्रकार. २२ जुलै १९७५ ला आगीच्या गाडीमागोमाग गेला. नेहमीचं दृश्य: लोखंडी जिन्यावर एक तरुणी, एक लहान मुलगी आणि त्यांना धरून एक फायरमन, शिडी हातभर अंतरावर. तो सुटकेचे फोटो काढत होता. तेवढ्यात जिना तुटला. दोघी खाली येतानाच्या फ्रेम त्याच्याकडे आहेत. तरुणी गेली, तिच्या अंगावर पडल्यामुळे मुलगी वाचली. फोटोला पुलित्झर मिळालं, लोखंडी जिन्यांच्या तपासणीचे नियम बदलले. पण माझ्या लक्षात राहतं ते दुसरंच. त्या जमिनीवर आदळताना पाहायला नको म्हणून शेवटच्या क्षणी तो वळला, पाठ फिरवली.

२४ मे २०१९ ला सरथाण्यात तक्षशिला आर्केडला आग लागली तेव्हा खाली शेकडो मोबाइल वर धरलेले होते. शिकवणीला आलेली मुलं वरून उड्या मारत होती. २२ जण गेले. ते व्हिडिओ त्या संध्याकाळी माझ्याही फोनवर आले, सातआठ वेगवेगळ्या कोनांतून. एक फोटोग्राफर म्हणून मला एवढं कळलं, की सातआठ जण हात न हलवता उभे होते, कारण चित्र स्थिर होतं. आणि त्याच व्हिडिओंत काही तरुण इमारतीवर चढून मुलांना खाली उतरवतानाही दिसतात. त्यांच्या हातात अर्थातच मोबाइल नव्हता.

मी त्या दिवशी शहरात नव्हतो. असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर मला आवडेल असं येत नाही.

*

खऱ्या अपघातात मी कॅमेरा काढणार नाही, हे ते व्हिडिओ पाहिले तेव्हाच ठरवलं. म्हणून प्रशिक्षण. इथे डोकं धरणाऱ्याच्या हातांजवळ जाता येतं, कोणाची लाज जात नाही, नंबरप्लेट झाकावी लागत नाही, कोणाची आई उद्या पेपरात पाहणार नाही. आणि चूक झाली तर साहेब शिट्टी वाजवतात, सगळे थांबतात, जखमी चादरीतून तोंड काढून पाणी मागतो.

*

दुपारी दीड. जेवणाआधी सगळे लॅपटॉपभोवती. मी चांगले चांगले पुढे काढत होतो. साहेबांनी थांबवलं: पहिल्यापासून दाखवा, सगळे. ६१२ होते.

त्यांना हवे होते ते मी पुसणार होतो ते. ओम्नीच्या छतापाशी एक मुलगा पाचर हाताने न सरकवता बुटाने ढकलतोय. एकाने हेल्मेटची काच वर केलीय आणि खाली वाकलाय. दार फाकवायचा स्प्रेडर उघडताना एक जण ते दार जिकडे उडेल नेमका तिकडेच उभा. आणि एक, माझा हललेला, तिरका, चुकून दाबला गेलेला: ओम्नीखालच्या ठोकळ्यांत एक बोटभर फट. सकाळी ठोकळे घट्ट बसवले होते. दार कापलं, वजन हललं, फट पडली, आणि पाचर पुन्हा ठोकायला हवी होती हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही; मी तेव्हा काचेच्या मागे होतो.

साहेबांनी तो फोटो मोठा केला. सगळे पाहत राहिले. बुटाने पाचर ढकलणारा मुलगाच हळूच म्हणाला, "ही तर सैल झाली, साहेब."

त्यांनी नऊ फोटो ठेवून घेतले. फट पहिल्या नंबरावर.

*

येणाऱ्या-जाणाऱ्या वाचकासाठी एक. रस्त्यात अपघात दिसला तर ११२ लावा. मदत करणाऱ्याला पोलिस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ ला ते पक्कं केलं, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही आलं. गाडी पेटलेली नसेल, माणूस श्वास घेत असेल आणि अडकलेला असेल, तर ओढू नका. किल्ली बंद करा, हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा, मागून येणाऱ्यांना इशारा द्या. मग खिडकीशी बसून त्याला नाव विचारा, गाव विचारा.

*

निघताना साहेबांना म्हटलं, पुढच्या वेळी मारुती नको. या शहरात अडकतो तो टेम्पोवाला. ते म्हणाले, भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, चपट्या तोंडाचा, केबिन शाबूत असलेला. अजून मिळालेला नाही. टेम्पो भंगारात जातो तोवर त्याची केबिन शाबूत राहत नाही.